गच्चीवरच्या वाफ्याचं वजन

"उतरवा! आधी तो डोंगर माझ्या डोक्यावरून उतरवा!"

सकाळची वेळ, सोसायटीची गच्ची, आणि अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावलेले तिसऱ्या मजल्यावरचे काका. आवाज असा होता की कोथरूड डेपोतून नुकतीच सुटलेली बस कुणीतरी आपल्यालाच हाक मारतंय असं समजून जागच्या जागी थांबली. निदान आमच्या बिल्डिंगमध्ये आजही हे असंच सांगतात, आणि सांगायला सुरुवात मीच केली आहे. काका एका सरकारी खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. हातात दाढीचं रेझर तसंच होतं.

"कुठला डोंगर?" माझ्या नवऱ्याने विचारलं. तो वांग्याच्या झाडांना पाणी घालत होता.

"हा! हा काय!" काकांनी रेझर आमच्या विटांच्या वाफ्यावर रोखलं. "ओल्या मातीचं वजन किती होतं, कल्पना आहे? मी हिशेब केलाय. माझा पलंग बरोब्बर याच्या खाली येतो!"

"मग पलंग सरकवा थोडा."

हे त्याने उद्धटपणे म्हटलं नव्हतं. तो मूळचा वऱ्हाडातला. तिकडे कुणी अडचण सांगितली की ऐकणारा उपाय सुचवतो. पुण्यात अडचण सांगणाऱ्याला उपाय नको असतो, दाद हवी असते. मी इथलीच असल्याने हे मला जन्मतः ठाऊक आहे. काकांचा उरलेला अर्धा गालही पांढरा पडला. ते म्हणाले, "आता सभेतच बोलू," आणि खाली गेले.

आता हा वाफा तिथे कसा आला, ते सांगायला हवं.

ज्या वर्षांची ही गोष्ट आहे, त्या वर्षांत पुण्यात दोन प्रकारची माणसं होती. एक हिंजवडीच्या बसची वाट बघणारी, आणि दुसरी पिंपरीची बस निघून गेल्यावरही सवयीने स्टॉपवर उभी राहणारी. माझा नवरा दुसऱ्या प्रकारात होता. एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली. धातूचे सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे, ठोकायचे, आणि प्रत्येक खेपेतला एखादा मुद्दाम मोडून बघायचा. तो कुठे आणि कसा मोडतो, यावर बाकीच्यांची लायकी ठरायची. मग परदेशातून एक यंत्र आलं. ते काही न मोडता सगळं सांगायचं, आणि चहालाही उठायचं नाही. यंत्राच्या मागोमाग व्हीआरएस आली. नवरा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आला. घड्याळ दिवसाला दहा मिनिटं पुढे जायचं. गुणवत्ता खात्यातला माणूस गेल्यावर असंच होणार.

त्यानंतर तो गच्चीवर फेऱ्या मारायला लागला. इतक्या, की गच्चीच्या फरशीवर बैलाच्या घाण्याला पडते तशी गोल वाट पडली. मी शाळेत शिकवत होते. दुपारी घरी यायचे तेव्हा पायांचा आवाज वरून यायचा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात सांगायच्या, "आज मिस्टर जरा जोरात होते हो."

अशातच थोरल्या दिरांचा फोन आला. हे दीर म्हणजे वरुडकडचे संत्र्याचे बागाईतदार. नवरा डिप्लोमा करायला म्हणून घराबाहेर पडला तो परत गेलाच नाही. त्याच्या वाट्याची बाग दीरच बघायचे, आणि दर वर्षी ट्रॅव्हल्सच्या टपावर चार गोणी संत्री आम्हाला येत. एवढी, की आमच्या मजल्यावर कुणाला थंडीत सर्दी झाली तर तो त्याचाच हट्टीपणा समजला जाई.

"ये बाप्पा आता घरी," दीर फोनवर म्हणाले. ते फोनवर बोलतात तेव्हा फोन नसला तरी चालेल. "लय झालं तुह्यं पुनं. इथं बाग पाहाले घरचा मानूस नाही. तिथं काय करून राह्यला तू? गच्चीवर फेऱ्या मारून राह्यला असशीन!"

नवरा तेव्हाच गच्चीवरून खाली आला होता. चपला पायातच होत्या. त्याने क्षणभर चपलांकडे बघितलं, आणि भावाशी बोलताना त्याची जी भाषा होते, त्या भाषेत म्हणाला, "मी इथंच पिकवून दाखवतो, दादा. दिवाळीनंतर ये. पह्यल्या तोड्याचं भरीत तुले इथं खाऊ घालतो."

"आन् नाही पिकलं तं?"

"नाही पिकलं तं सामान बांधतो आन् येतो."

हा करार मला न विचारता झाला. मी स्वयंपाकघरात होते आणि माझ्या हातात लाटणं होतं, एवढंच सांगते. माझा जन्म पुण्यातला, नोकरी पुण्यातली, आणि भाजी मंडईतून आणायची असते, ती कुठेतरी लागलेली बघायची नसते, असं माझं मत. पण आता माझा पुण्यातला मुक्काम वांग्यांच्या हातात गेला होता.

कुंड्या आणायच्या नाहीत, असं नवऱ्याने ठरवलं. मातीचा ट्रकही नाही. त्याचं म्हणणं, विकत घेऊन पिकवलं तर दादा म्हणेल, त्यापेक्षा वांगीच विकत घ्यायची होतीस. म्हणजे वाफा फुकटात उभा राहायला हवा. आणि पुण्यात फुकट काही मिळवायचं तर त्याला जी चिकाटी लागते, तिच्यात माणूस एखादी पदवी सहज घेईल.

विटांचा प्रश्न सोपा होता. कोथरूडमधले बंगले तेव्हा पटापट पडत होते. आज ज्या बंगल्याच्या ओट्यावर कुणी तुम्हाला पाणी दिलं, तिथे परवा बिल्डरचा पत्रा लागायचा. पाडलेल्या भिंतींतल्या अख्ख्या विटा ठेकेदार मोजून नेई, पण अद्धे, म्हणजे अर्ध्या तुटलेल्या विटा, राडारोड्यात जायच्या. नवरा ते स्कूटरवरून आणू लागला. मागे विटांचं पोतं आणि पुढे हा. चढावर स्कूटरचं पुढचं चाक हवेत जायचं आणि तो राणा प्रतापासारखा दिसायचा. ते अद्धे त्याने सिमेंटशिवाय नुसते एकावर एक रचले, कमरेपर्यंत, सांधे चुकवून. तळाशीही विटा मांडल्या, एकमेकींपासून सुट्या, म्हणजे खालून पाणी निघून जाईल आणि फरशीला वारा लागेल. लांबीला पलंगाएवढा झाला. काकांचा पलंग खाली नेमका त्याच जागी होता, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

आत अस्तराला काहीतरी हवं होतं. चौकात एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लागलं होतं, समोर माणूस उभा राहिला तर त्यातल्या नाकाएवढाच दिसेल असं. वाढदिवस होऊन गेला होता, नगरसेवक व्हायचा राहिला होता. फ्लेक्स एका बाजूने सुटून लोंबत होतं. कार्यकर्त्यांना विचारून नवऱ्याने ते आणलं. पाणी झिरपायला भोकं पाडावी लागतात. ती त्याने चेहरा सोडून पाडली.

मग भरण. त्याच सुमारास घरोघरी कॉम्प्युटर येत होते. कॉम्प्युटरबरोबर भला मोठा खोका येतो. मुलांनी तो उघडायच्या आत नवरा दारात उभा. "खोका टाकणार असाल तर..." लोकांना वाटे, हा सोसायटीतर्फे आलाय. पुठ्ठे ओले करून तळाला गेले, त्यांवर नारळाच्या शेंड्या. मग बसस्टॉपजवळच्या रसाच्या गुऱ्हाळातली चिपाडं. रसवाल्याला ती उचलून न्यायला माणूस हवाच होता. त्याने नवऱ्याला पहिल्या दिवशी रस पाजला, दुसऱ्या दिवशी आलं-लिंबू घालून पाजला, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात झाडू दिला.

पाल्याची गोष्ट वेगळी. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोथरूडमधला प्रत्येक बंगलेवाला सकाळी पाला जाळायचा. धुराने डोळे चुरचुरायचे, त्याबद्दल वृत्तपत्रात पत्रं यायची आणि ती पत्रं लिहिणारेही पाला जाळायचे. पण नवऱ्याने पोतं पुढे करून "पाला नेऊ का?" असं विचारलं, आणि एका दिवसात पाल्याला भाव आला.

"कशाला हवाय?" एका बाईंनी फाटकातून विचारलं.

"वाफ्यात भरायला."

"म्हणजे उपयोगी असतो?"

"हो ना. खत होतं."

"मग असं करा," बाई म्हणाल्या, "मागचं अंगणही झाडून द्या. आणि आंब्याचा आम्हाला ठेवा."

असा थर बसत गेला. चिपाडं, पाला, पुन्हा चिपाडं, गावठाणातल्या गोठ्यातलं शेण, ताकात कालवलेला गूळ. माती म्हणाल तर वर पोळीला तूप लावतात तेवढी. गुळाचा आणि उसाचा वास इतका पसरला की मुंग्यांची रांग डेपोपासून आमच्या जिन्यापर्यंत लागली, आणि त्या जिन्याच्या डाव्या बाजूने शिस्तीत चढत होत्या. माणसं उजव्या बाजूने.

मग वाफा तापला. ताजी चिपाडं आणि शेण एकत्र आलं की आतून वाफ निघते, हे खरं. पण आमच्या वाफ्याने हद्द केली. हात घातला तर भाजायचा. काकूंनी वर वाळत टाकलेले पापड तळल्यासारखे फुलले, आणि शेजारच्या सोलरच्या टाकीला न्यूनगंड आला. नवऱ्याने घाईने लावलेली पहिली रोपं दुपारपर्यंत मऊ शिजली. मीठ घातलं असतं तर खाता आली असती. वाफा निवेपर्यंत थांबायचं असतं, हे त्याला कळलं. निवला तसा तो बसलाही. कमरेएवढं भरलेलं गुडघ्याएवढं झालं. पुन्हा चिपाडं, पुन्हा पाला, पुन्हा मागचं अंगण. पावसाळा लागला तेव्हा वर हाताने उकरलं तर काळं, भुसभुशीत, आणि वासही चांगला. गांडुळं कुठून आली देव जाणे. तीन मजले चढून आली असणार.

वांग्याचं बी दिरांनीच पाकिटातून पाठवलं. आपल्याला हरवायला शस्त्रही आपणच पुरवावं, असा त्यांचा मोठेपणा. रोपं लागली, जोर धरला, जांभळी फुलं आली, आणि गणपती उठल्यावर अंगठ्याएवढी वांगी धरली. नवऱ्याच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या. तो आता वाफ्याभोवती नुसता उभा राहायचा. आणि बरोबर तेव्हाच, दाढी अर्धी टाकून, काका वर आले.

सभा पार्किंगमध्ये भरली. वाफ्याचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत होता. आमच्या सोसायटीत छापील विषय पाच मिनिटांत संपतात आणि आयत्या वेळचे जेवणवेळ ओलांडतात.

काका उभे राहिले. त्यांनी ओल्या मातीचं वजन सांगितलं, मग वाफ्याचं आकारमान, मग स्लॅबला सोसेल तो भार. त्यांचा आकडा ऐकून पहिल्या मजल्यावरच्यांनीही वर पाहिलं. आपण छताखाली बसलोय हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

"पण त्यात माती नाहीच," नवरा म्हणाला.

"मग काय आहे?"

"उसाची चिपाडं. पाला. नारळाच्या शेंड्या."

"म्हणजे कचरा."

"होता. आता त्याची माती झाली."

"म्हणजे माती आहे!" काका सेक्रेटरींकडे वळले. "इतिवृत्तात घ्या!"

सेक्रेटरींनी घेतलं. ते बँकेत होते आणि लिहून घेणं हा त्यांचा श्वास होता. दुसऱ्या मजल्यावरचा हिंजवडीला जाणारा मुलगा म्हणाला, "अंकल, सिंपल आहे ना. डेन्सिटी काय ते गुगल करू, एक्सेलमध्ये टाकू, मॅटर क्लोज." त्यावर काका म्हणाले, "उसाच्या कुजलेल्या चिपाडाची घनता ज्या दिवशी तुमच्या त्या यंत्रात सापडेल, त्या दिवशी मी स्वतः वाफ्यात बसेन."

"बसू नका," मागून कुणीतरी म्हणालं, "भार वाढेल."

सगळे हसले आणि प्रकरण तिथेच निभावलं असतं. फार तर एक उपसमिती नेमली असती. ती वर्षभर बसली असती, आणि वर्षभरात वांगी सात वेळा निघाली असती. पण माझा नवरा उठला. त्याच्या चेहऱ्यावर कारखान्यातला भाव आला होता, आणि मी त्याचा शर्ट मागून ओढला, तरी तो म्हणाला, "अंदाज कशाला? वजन करू. सगळं बाहेर काढू, मोजू, परत भरू."

काकांनी त्याच्याकडे नव्याने पाहिलं. हयातीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

"ओलं वजन," काका म्हणाले. "पूर्ण भिजवून. सर्वांत वाईट परिस्थितीचं."

"अर्थातच," नवरा म्हणाला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, झाडांना वांगी लागलीत."

"झाडं मुळाच्या गोळ्यासकट उचलायची. सावलीत ठेवायची. संध्याकाळी परत लावायची. त्यात काय?"

"आणि दादा येणारेत त्याचं?"

"परवानगी नसलेल्या वाफ्यातलं वांगं मी दादाला खाऊ घालू?"

आयुष्यभर या माणसाने एक मोडून बाकीचे पास केले. इथे खेपेत एकच वाफा होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. काकांच्याही नाही. दोघं हुशार होते.

रविवारी रद्दीवाल्याचा काटा वर चढवला. रद्दीवाल्याच्या काट्यावर पुण्यात कुणीही विश्वास ठेवत नाही, रद्दीवालाही नाही. म्हणून आधी काट्याची परीक्षा झाली. पिठाच्या सीलबंद पिशव्या ठेवून पाहिल्या. काट्यात फरक निघाला. मग पिशव्यांवरच संशय आला, म्हणून दुसऱ्या गिरणीच्या आणल्या. शेवटी काका स्वतः काट्यावर चढले, कारण आपलं वजन डॉक्टरांकडे कालच झालंय असं ते म्हणाले. काट्याने त्यांना कमी दाखवलं. ते खूश झाले आणि काटा मंजूर झाला.

त्यानंतर दिवसभर गच्चीवर जे चाललं, तसलं काम मी पुढे मेट्रोचे खांब उभे राहताना पाहिलं, आणि तेही इतक्या निगुतीने नव्हतं. पाइप लावून वाफा भिजवला. झाडं उपटून बादल्यांत ठेवली. तिथे वाद निघाला: झाडांचं वजन धरायचं की नाही?

"झाडं कायमची. स्थिर भार," काका म्हणाले.

"मान्य. पण फळं तोडणार. म्हणजे फळं चल भार."

"बरोबर! मग ती वेगळी मोजायला हवीत."

आणि त्या दोघांनी, माझ्या डोळ्यांदेखत, ती अंगठ्याएवढी वांगी एकेक करून खुडली. पारड्यात टाकली. काट्याचा काटाही हलला नाही. "नगण्य," काका समाधानाने म्हणाले. "नगण्य," नवऱ्याने दुजोरा दिला. कारखाना सुटल्यापासून त्याला इतका आनंदात मी पाहिला नव्हता. शर्ट बाह्यांपर्यंत काळा, कपाळाला शेण. दोघं एकमेकांना आकडे ओरडून सांगत होते, एकमेकांच्या बेरजा तपासत होते. काकूंनी दोघांना वर थालीपीठ पाठवलं. विटाही मोजल्या. फ्लेक्सही मोजलं. भावी नगरसेवकाचा चेहरा अजून शाबूत होता.

वजन काकांच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरलं. चिपाडं हलकी असतात, पाणी धरतात आणि सोडूनही देतात. काका खिलाडू निघाले. संध्याकाळच्या सभेत ते स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले, "वाफा निर्दोष आहे. मात्र तुलना करताना एक गंभीर बाब उघड झाली. कोजागिरीला आपण गच्चीवर सगळे मिळून जे जमतो, त्याचा भार या वाफ्याच्या कितीतरी पट आहे. आणि आपण गरबाही खेळतो."

वाफा एकमताने मंजूर झाला. गरबा एकमताने रद्द झाला. कोजागिरीचं मसाला दूध त्या वर्षी गच्चीवर मजल्यामजल्याने, पाळीपाळीने प्यालो. आमच्या मजल्याची पाळी आली तेव्हा चंद्र ढगात होता.

वाफा पुन्हा भरला. नवऱ्याने आधी भरला होता तसाच भरला, थर आठवून. पण ढवळून, भिजवून, मोकळं करून भरलेलं ते सामान पुन्हा एकदा आतून तापलं. ऑक्टोबरचं ऊन वरून आणि चिपाडं खालून. परत लावलेल्या झाडांची मुळं आधीच दुखावलेली. माना टाकल्या, पानं पिवळी झाली, आणि दिवाळीच्या फराळापर्यंत वाफ्यात विटांच्या आत फक्त काळी माती होती. चांगली होती. नुसती होती.

मी शाळेतून येताना मंडईतली भाजी आणू लागले आणि रात्री कपाटातल्या जुन्या साड्या वेगळ्या काढू लागले, म्हणजे नेणं सोपं पडेल. नवऱ्याने ते पाहिलं. बॅगा कुठे आहेत एवढंच एकदा विचारलं.

दीर आले. पांढरं धोतर, खांद्यावर संत्र्यांची गोणी. अंगणातून हाक मारली ती सिंहगडावर ऐकू गेली असेल. चहा न घेता म्हणाले, "चाल, पह्यले वावर दाखव तुह्यं."

वर आम्ही तिघं गेलो, आणि मागोमाग काका, कारण वाफ्यावर आता त्यांचाही हक्क होता. दिरांनी वाफ्याला एक चक्कर मारली. विटांचे सांधे बघितले. वाकून मूठभर माती घेतली, चुरगाळली, वास घेतला.

"माती तं झकास केली बे," ते म्हणाले. "वांगे कुठी हायेत?"

शेवटी काकांनी घसा खाकरला. "काढली. वजन करायचं होतं."

"वांग्याचं?"

"वाफ्याचं. स्लॅबवर किती भार येतो, ते बघायला. अत्यंत समाधानकारक निकाल आला."

दिरांनी काकांकडे पाहिलं, मग भावाकडे, मग माझ्याकडे. मी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

"म्हनजे लागलेले वांगे," ते सावकाश म्हणाले, "उपटून, मोजून, फेकून देल्ले?"

"फळं वेगळी मोजली," काका म्हणाले. "नगण्य होती."

दीर हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. मूठ उघडून त्यांनी माती परत वाफ्यात टाकली, हात धोतराला पुसले, आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज त्यांनी पहिल्यांदाच खाली आणला.

"झालं ना बाप्पा. तुह्यं बोलनं तुह्यापाशी हाये. पह्यल्या तोड्याचं भरीत म्हनला होता. नाही, तं नाही. त्यात काही लाज नाही. घर तुह्यंच हाये. तिथं तुले मोजा-मोजी करायची असन तं तेही कर, काटा घेऊन देतो. सामान बांध, उद्याच्या गाडीनं चाल."

खाली रस्त्यावरून एक बस गेली. काका एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मी मनातल्या मनात साड्यांची गाठोडी मोजली, आणि शाळेत राजीनामा कुणाकडे द्यायचा याचा विचार केला. नवरा वाफ्याच्या कडेची एक सरकलेली वीट नीट बसवत होता. ती बसवून झाली. त्याने ती अंगठ्याने दाबून पाहिली, हलत नाही ना ते बघितलं, आणि वर न बघता म्हणाला,

"आत्ता नाही जमणार, दादा. पुढच्या सभेत वाफ्याच्या मंजुरीचं इतिवृत्त कायम व्हायचं आहे."